पवनचक्कीजवळचं घर आणि रात्री दोनची जाग

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरापासून साधारण ७०० मीटरवर चार पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून ६८ वर्षांच्या सासूबाईंचं डोकं जड असतं, कानात गुणगुण होते, रात्री दोनच्या सुमाराला जाग येते ती पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. विचारणाऱ्या ताईंना स्वतःला छातीत धडधडतं. कंपनीचा माणूस येऊन ‘आवाज मर्यादेत आहे’ एवढं सांगून गेला. नात्यातल्या कुणी सांगितलं की ऐकू न येणाऱ्या लहरींनी मेंदूवर परिणाम होतो, कर्करोगही होतो. घरात चार वर्षांचं मूल आहे. घर विकावं का?

ताई, मी डॉक्टर नाही. मी आवाज मोजते. गेली वीसेक वर्षं कारखाने, रस्ते, विमानतळ आणि पवनचक्क्या यांच्या आसपास लोकांच्या अंगणात आणि झोपायच्या खोल्यांत मायक्रोफोन लावून बसते. त्यामुळे औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, बाकीचं मी सांगते. माझं मत आधीच सांगून टाकते: तुमचा त्रास खरा आहे, पण नातेवाइकांनी सांगितलेलं कारण खरं नाही. त्रास देतोय तो ऐकू येणारा आवाज, त्यानं मोडलेली झोप, आणि ‘आपलं कुणी ऐकत नाही’ हा संताप. आवाजावर उपाय आहेत. ऐकू न येणाऱ्या लहरींमागे लागलात तर ते उपाय राहून जातील.

आधी रात्री दोनचंच घेऊ. दिवसा जमीन तापते, हवा वरखाली ढवळली जाते, खाली आणि वर वाऱ्याच्या वेगात फार फरक राहत नाही. झाडं सळसळतात, रस्त्याची वर्दळ असते, त्यात पवनचक्कीचा आवाज बुडून जातो. रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन निवते आणि तिच्यालगतची थंड हवा जागच्या जागी बसते. अंगणात पान हलत नाही, पण शंभर मीटरवर वारा जोरात असतो. म्हणजे खाली शुकशुकाट आणि वर पाती पूर्ण वेगात. नेदरलँड्स-जर्मनी सीमेवरच्या ऱ्हेडे इथल्या पवनचक्क्यांबद्दल फान डेन बेर्ख या भौतिकशास्त्रज्ञानं २००४ मध्ये नेमकं हेच मोजून दाखवलं. जमिनीलगतच्या वाऱ्यावरून जेवढा आवाज अपेक्षित होता त्यापेक्षा रात्रीचा आवाज १५ डेसिबलपर्यंत जास्त भरत होता, आणि तक्रारी जवळपास दोन किलोमीटरवरून येत होत्या. तोवर त्या लोकांनाही ‘तुमच्या मनाचे खेळ’ असंच ऐकवलं जात होतं. म्हणून कुणी दुपारी अकरा वाजता येऊन तासभर मोजून गेलं असेल, तर तो आकडा तुमच्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही.

आता ‘मर्यादेत आहे’ या वाक्याकडे येते, कारण माझा अर्धा पगार या वाक्याची चिरफाड करण्यात जातो. मोठ्या टर्बाइनची, म्हणजे पवनचक्कीच्या यंत्राची, ध्वनिशक्ती १०५ डेसिबलच्या आसपास असते. आवाज पसरत जातो, अंतर दुप्पट झालं की साधारण सहा डेसिबल कमी होतात. अर्धा किलोमीटरवर एका टर्बाइनचा आवाज चाळिशीच्या आसपास उरतो. सारख्या अंतरावर दोन असतील तर त्यात तीन मिळवा. चाळीस डेसिबल म्हणजे शांत ग्रंथालय, असं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. मग एवढ्याशा आवाजाचा त्रास का व्हावा?

कारण तो आवाज एकसारखा नसतो. पातं खाली येताना हवा कापतं त्याची ‘सुईऽऽ, सुईऽऽ’ अशी लय असते, साधारण सेकंदाला एकदा. एकसारख्या आवाजाकडे मेंदू काही वेळानं पाठ फिरवतो, लयीतल्या चढउताराकडे फिरवता येत नाही. नळ वाहत असला तर झोप लागते, ठिबकत असला तर लागत नाही. दहा मिनिटांची सरासरी काढली की ठिबकणं आकड्यातून गायब होतं. काही रात्री त्या ‘सुई’चं ‘धप् धप्’ होतं, खालच्या पट्टीचं, लांबवर जाणारं. वर आणि खाली वाऱ्याचा वेग फार वेगळा असला की पात्याच्या फेरीच्या एका टप्प्यावर हवेचा प्रवाह पात्यावरून सुटतो, तेव्हा असं होतं. रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या तेवढ्याच डेसिबलपेक्षा पवनचक्कीच्या आवाजाला लोक जास्त वैतागतात, हे युरोपातल्या सर्वेक्षणांतून पुन्हापुन्हा दिसलंय. त्यामुळे कुणी ‘रस्त्यालगतची माणसं याहून जास्त सोसतात’ असं म्हणालं, तर ती तुलना चुकीची आहे.

दुसरी मेख मोजपट्टीत आहे. नेहमीचं डेसिबल-ए हे माप माणसाच्या कानासारखं खालच्या सुरांना कमी वजन देतं: १०० हर्ट्झला (सेकंदाला १०० कंपनं) १९ डेसिबल वजा, ५० हर्ट्झला ३० वजा. अंगणात ते ठीक चालतं. पण भिंती आणि काचा वरचे सूर अडवतात, खालचे फारसे अडवत नाहीत. म्हणून बंद खोलीत एकूण आवाज कमी भरला तरी उरतो तो घुमारा. डेन्मार्कनं हे ओळखून २०१२ पासून घराच्या आतल्या खालच्या सुरांसाठी २० डेसिबलची वेगळी मर्यादा घातली. ती नुसती अंगणातल्या आकड्यावर भागवून नेता येत नाही.

एका घरातली गोष्ट सांगते. अहवालात ३९ डेसिबल, मर्यादेच्या आत, प्रकरण बंद. घरातली बाई म्हणत होती, “वाऱ्याचा आवाज नाही हो, कुणीतरी लांब ट्रक चालू ठेवून उभं आहे असं वाटतं.” मी तिच्या उशीशी मायक्रोफोन लावला आणि आवाज सुरांच्या पट्ट्यांत फोडून पाहिला, म्हणजे कुठल्या उंचीचा सूर किती आहे ते वेगळं केलं. १२० हर्ट्झजवळ सुळक्यासारखा एक सूर उभा होता. तो पात्यांचा असूच शकत नव्हता, पात्यांचा आवाज पसरट असतो. आम्ही चारही टर्बाइन आळीपाळीनं थांबवायला लावल्या, तिसरी थांबली आणि सूर गेला. गिअरबॉक्समध्ये बिघाड होता. दुरुस्ती झाल्यावर डेसिबलचा आकडा एकानं खाली आला असेल नसेल, पण बाई झोपायला लागल्या. ‘ट्रक’ हा शब्द त्यांनी पहिल्या दिवशीच वापरला होता. तो कुणी लिहून घेतला नव्हता.

आता त्या ऐकू न येणाऱ्या लहरी. २० हर्ट्झखालच्या आवाजाला इन्फ्रासाउंड म्हणतात. पवनचक्कीतून तो निघतो, हे खरं आहे. पण तो वाऱ्यातून, समुद्राच्या लाटांतून, वातानुकूलन यंत्रातूनही निघतो. काच खाली करून गाडी हाकली तर कितीतरी पटीनं जास्त निघतो. १० हर्ट्झचा आवाज माणसाला जाणवायला शंभर डेसिबलच्या जवळपास लागतो. घरांपाशी पवनचक्कीचा त्या पट्टीतला आवाज याच्या कितीतरी खाली असतो. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारी पर्यावरण संस्थेनं २०१३ मध्ये पवनचक्क्यांजवळची घरं आणि लांबची घरं, शहरातली आणि खेड्यातली, अशी मोजून पाहिली. पवनचक्कीजवळच्या घरांत इन्फ्रासाउंड इतरांपेक्षा जास्त नव्हता.

कमी का असेना, पण सतत असतो ना, असं तुम्ही विचाराल. त्याचंही उत्तर आता आहे. सिडनीतल्या संशोधकांनी आवाजाला हळव्या असलेल्या ३७ निरोगी माणसांना झोपेच्या प्रयोगशाळेत तीन वेळा सलग ७२ तास ठेवलं, एकदा पवनचक्कीसारख्या इन्फ्रासाउंडमध्ये, एकदा नुसत्या शांततेत, एकदा रहदारीच्या आवाजात. इन्फ्रासाउंड चालू आहे की नुसती शांतता, हे त्यांना कळू दिलं नाही. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: इन्फ्रासाउंडनं झोप, रक्तदाब, संप्रेरकं, मन कशावरच फरक पडला नाही. रहदारीच्या आवाजानं मात्र झोप मोडली. फिनलंडमध्ये तर ‘पवनचक्कीच्या इन्फ्रासाउंडनं आम्हाला त्रास होतो’ असं सांगणाऱ्यांनाच प्रयोगशाळेत बसवलं. त्यांना तो आहे की नाही हे ओळखता आलं नाही, आणि शरीरावर ताणाच्या खुणाही दिसल्या नाहीत.

मग हा समज आला कुठून? ‘पवनचक्कीचा आजार’ हा शब्दप्रयोग गाजला तो २००९ मध्ये, अमेरिकेतल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंमुळे. त्यांनी १० कुटुंबांतल्या ३८ जणांची माहिती मुख्यतः फोनवरून गोळा केली. सगळी कुटुंबं आधीच त्रासलेली होती, आणि तुलनेला पवनचक्कीपासून लांब राहणारं कुणी घेतलेलंच नव्हतं. डोकेदुखी, निद्रानाश, चक्कर, कानातला आवाज, चिडचिड ही यादी वाचून बघा. कुठल्याही वस्तीत दारोदार विचारलं तरी प्रत्येक घरात यातलं काहीतरी सापडेल. अपेक्षेचा जोरही मोठा असतो. ऑकलंड विद्यापीठातल्या प्रयोगात ५४ जणांपैकी अर्ध्यांना आधी त्रासाच्या कहाण्या दाखवल्या आणि मग दहा मिनिटं इन्फ्रासाउंड, दहा मिनिटं काहीच नाही असं ऐकवलं. कहाण्या पाहिलेल्यांना दोन्ही वेळा लक्षणं जाणवली, खोट्या आवाजालाही.

हा प्रयोग पुढे करून कंपन्यांचे लोक ‘सगळं मनाचं आहे’ म्हणतात तेव्हा मला राग येतो. त्या प्रयोगात इन्फ्रासाउंड तपासला होता. रात्री दोनचं ‘धप् धप्’ त्यात नव्हतं.

मोठ्या पाहणीतून काय दिसतं तेही सांगते. कॅनडाच्या आरोग्य खात्यानं १,२३८ घरांतल्या प्रत्येकी एका माणसाची तपासणी केली. नुसती प्रश्नावली नाही, तर मनगटावर झोप मोजणारं यंत्र, रक्तदाब, केसांमधलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. घराबाहेर ४६ डेसिबलपर्यंतच्या आवाजाचा झोपेशी, आजारांशी किंवा ताणाशी थेट संबंध सापडला नाही. आवाजाबरोबर वाढत गेला तो वैताग. आणि जे फार वैतागले होते त्यांच्यात रक्तदाब, कॉर्टिसोल, अर्धशिशी, चक्कर, कानातला आवाज हे सगळं जास्त होतं. आता वैतागानं तब्येत बिघडली की तब्येत बरी नसलेला माणूस लवकर वैतागला, हे एका वेळच्या पाहणीतून कळत नाही. मला वाटतं दोन्ही, आणि एकात एक गुंतलेलं.

डेन्मार्कमध्ये तर देशभरातल्या नोंदी वर्षानुवर्षं मागे जाऊन तपासल्या. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं यांच्याशी ठाम संबंध निघाला नाही. पण एक गोष्ट तुमच्या सासूबाईंच्या वयाला लागू आहे. घराबाहेर रात्री ४२ डेसिबल किंवा जास्त आवाज असलेल्या ६५ वर्षांवरच्या लोकांत झोपेच्या आणि नैराश्याच्या गोळ्या घेण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. थोडंच, पण दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये पवनचक्कीच्या आवाजासाठी दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून भारित सरासरी (संध्याकाळ-रात्रीच्या आवाजाला जास्त वजन देऊन) ४५ डेसिबलची शिफारस केली, तीही सशर्त. रात्रीचा वेगळा आकडा त्यांनी दिलाच नाही, पुरावा तेवढा भक्कम नव्हता.

अजून एक निरीक्षण, जे कुणाला आवडत नाही. नेदरलँड्समधल्या ७२५ जणांच्या पाहणीत ज्यांना पवनचक्कीतून पैसे मिळत होते त्यांना तेवढ्याच किंवा जास्त आवाजातही वैताग जवळजवळ नव्हता. लोक यावर छद्मी हसतात. पण त्यांच्यातले बरेच जण स्वतःच मालक होते, पवनचक्की कधी लावायची यात त्यांचा शब्द होता. आपल्या घरचं जातं आणि शेजारच्याचं जातं एकाच आवाजात फिरत नाही. तुम्हाला कुणी आधी विचारलं होतं का? तुमच्या पत्रात ते कुठेच नाही, आणि मला वाटतं छातीतल्या धडधडीत त्याचाही वाटा असावा.

सासूबाईंबद्दल. वय वाढतं तसे कानाचे वरचे सूर आधी जातात, खालचे बरेच टिकतात. म्हणजे पाखरं, पानांची सळसळ, भांड्यांचा खणखणाट मंद होतो आणि घुमारा उघडा पडतो. ज्या आवाजानं तुम्हाला काही वाटत नाही तो त्यांना खरंच जास्त टोचू शकतो. कानातली गुणगुण हेही बऱ्याचदा ऐकू कमी येण्याचंच भावंड असतं. म्हणून कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी आधी करून घ्या. घोरणं असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणीही. रक्तदाब घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. तुमच्या धडधडीसाठी ईसीजी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. पवनचक्की दिसते म्हणून प्रत्येक दुखणं तिच्या खात्यावर टाकलं तर एखादं बरं होण्यासारखं दुखणं निसटतं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

आणि घरातलाच आवाज आधी वगळा. एका आजोबांकडे मी रात्रभर बसले होते. पावणेतीनला वारा पडला, पाती थांबली, खिडकीतून स्पष्ट दिसत होतं. आजोबा म्हणाले, “ऐका, चालूच आहे.” खरंच चालू होतं. दोनशे मीटरवरच्या शीतगृहाचा कॉम्प्रेसर निघाला, वर्षानुवर्षं जुना. पवनचक्क्या आल्यापासून ते रात्री कान देऊन ऐकायला लागले होते, आणि कान दिला की जुना आवाजही नवा वाटतो. त्यांना खोटं पाडायला मी गेले नव्हते. कॉम्प्रेसरखाली रबराच्या गाद्या बसल्या आणि तेही झोपले.

बाकीचे मुद्दे भराभर. कर्करोगाला काहीही आधार नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीच तसं भाषणात म्हटल्यावर ती गोष्ट जगभर फिरली, पण फिरल्यानं ती खरी होत नाही. विद्युतचुंबकीय क्षेत्र ७०० मीटरवर तुमच्या घरातल्या उपकरणांपुढे नगण्य आहे. फिट येण्याची भीती सावलीमुळे घातली जाते: सूर्य पात्यांमागे आला की खोलीत उजेड-अंधार असा लपंडाव होतो. पण फिट येणाऱ्यांना धोका साधारण सेकंदाला तीन लुकलुकींच्या वर असतो. तीन पात्यांची पवनचक्की त्यासाठी मिनिटाला ६० फेऱ्या फिरली पाहिजे. मोठ्या यंत्रांच्या फेऱ्या वीसच्याही आत असतात. त्रास म्हणाल तर सावलीचा होतो, डोकं उठतं. जर्मनीत वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटं अशी मर्यादा धरतात, आणि त्या वेळेपुरतं यंत्र आपोआप थांबवता येतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला काळजीचं कारण दिसत नाही. त्याला झोप लागते ना, एवढं बघा. आणि त्याच्यासमोर आजाराची चर्चा नको.

आता करायचं काय. दोन आठवडे नोंद ठेवा, त्याहून जास्त नाही, कारण मग माणूस आवाजाची राखणच करत बसतो. जाग किती वाजता आली, काय ऐकू आलं, खिडकी उघडी होती की बंद, वारा कुठून होता, पाती फिरत होती का. ‘त्रास झाला’ असं लिहू नका. ‘लांबून ढोल’, ‘शिट्टी’, ‘ट्रक’ असं लिहा. फोनवरच्या ॲपवर विसंबू नका, खालच्या सुरांना ते बहिरं असतं आणि वाऱ्याची फुंकर लागली तरी साठ दाखवतं.

सासूबाईंचा पलंग भिंतीला डोकं लावून आहे का? साडेतीन मीटरच्या खोलीत ५० हर्ट्झच्या आसपासचा घुमारा समोरासमोरच्या भिंतींना चिकटतो आणि खोलीच्या मध्यावर विरतो. एका घरात उशीशी आणि दीड मीटर आत यांत मला आठ डेसिबलचा फरक मिळाला होता. पलंग सरकवून बघायला काही लागत नाही. कोपऱ्यात तर झोपूच नये. कानातले बोळे वरचे सूर अडवतात, घुमारा नाही, त्यामुळे कधीकधी उलटा परिणाम होतो. पंख्याचा किंवा पावसासारखा एकसारखा मंद आवाज खोलीत ठेवला तर पात्यांची लय त्यात मुरते. बऱ्याच घरांत हे बोळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

कंपनीकडे लेखी मागा: रात्रीची, घराच्या आतली, सुरांच्या पट्ट्यांत फोडलेली मोजणी. आणि थांबवून बघायची चाचणी. चार-पाच रात्री त्यांनी यंत्रं अधूनमधून तासभर थांबवायची, कधी थांबवली ते तुम्हाला सांगायचं नाही, तुम्ही फक्त नोंद ठेवायची. नंतर दोन कागद शेजारी ठेवायचे. जुळले तर त्यांना नाकारता येणार नाही. जुळले नाहीत तर तुम्हाला दुसरीकडे शोधायला लागेल. दोघांनाही ही चाचणी नको असते, म्हणूनच मला ती आवडते.

जुळले तर उपाय त्यांच्याच यंत्राच्या नियंत्रण-पॅनेलमध्ये असतो. पात्याच्या टोकाचा वेग दहा टक्के कमी केला तरी आवाज दोन डेसिबलच्या वर उतरतो. वाऱ्याची विशिष्ट दिशा आणि रात्रीचे ठरावीक तास एवढ्यापुरतं हे करता येतं, विजेचं नुकसान त्या तासांपुरतंच. पात्यांच्या मागच्या कडेला करवतीसारखी दातेरी पट्टी बसवली तर आणखी दोन-तीन डेसिबल जातात. घुबड उडताना त्याच्या पिसांचा आवाज येत नाही, त्या निरीक्षणातून ही युक्ती आली.

घर विकायचं म्हणालात तर थांबवून बघायच्या चाचणीआधी नको. मोजणीचा अहवाल हातात आला की त्यात सुरांच्या पट्ट्यांचं पान आहे का ते पहिल्यांदा बघा. नसेल तर बाकीचं वाचण्यात वेळ घालवू नका, ते पान मागा.